मास्तरांनी शिवलेला सिनेमा

"कापायचं आणि जोडायचं, एवढंच ना? मग जन्मभर मी दुसरं केलंय काय?" असं म्हणून टेलरमास्तरांनी चित्रपट संकलनाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तेव्हा त्यांच्या दुकानात शिवायला एक उशीचा अभ्रा आणि चेन तुटलेली एक पँट, एवढाच ऐवज होता. लोक तयार कपडे घेऊ लागले होते, आणि मास्तरांचे हात शिवशिवत होते. शिवशिवणारे हात रिकामे राहिले की नको तिथे पोचतात, हे मास्तरीणबाईंना चांगलं ठाऊक. त्यांनीच नवऱ्याला वर्गाला ढकललं.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. शिकवणाऱ्या मॅडम वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या. त्यांनी आधी इतिहास सांगितला. सुरुवातीला म्हणे सिनेमा म्हणजे एक सलग तुकडा. कॅमेरा खांबासारखा उभा, माणसं समोरून येणार, जाणार, आणि रीळ संपलं की सिनेमा संपला. मग कुणाला तरी सुचलं, मधलं नको ते कापावं आणि पुढचं मागच्याला चिकटवावं. त्या काळी हे काम पुष्कळदा बायका करत. हातात खरोखरीची कात्री, शेजारी खरोखरीचा डिंक. हे ऐकताना मास्तरांनी वर्गाकडे असं पाहिलं, जणू त्या सगळ्या जणी त्यांच्या सख्ख्या आत्याच.

पण खरी वीज चमकली ती पुढच्या धड्याला. मॅडमनी पडद्यावर एका माणसाचा कोरा चेहरा दाखवला आणि लगेच सूपाचा वाडगा. वर्ग म्हणाला, बिचारा भुकेला आहे. मग चेहरा आणि शवपेटी. वर्ग हळहळला. मग चेहरा आणि खेळणारं मूल. वर्ग म्हणाला, किती प्रेमळ बाप! चेहरा तिन्ही वेळा तोच होता.

"शेजार बदलला की भाव बदलतो, मास्तर," मॅडम म्हणाल्या.

मास्तर घरी आले ते पायांनी नव्हे, पंखांनी. कारण त्यांच्या घरात दोन चेहरे होते आणि त्यांचा शेजार दोन वर्षांपासून बिघडला होता. एक चेहरा मास्तरीणबाईंचा, दुसरा मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. झालं होतं असं, की अक्का एकदा घरी आली आणि मास्तरीणबाईंनी लख्ख घासून पालथं घातलेलं पातेलं तिने उचलून पुन्हा घासलं. न बोलता. बस्स! तेव्हापासून नणंद-भावजयीत अबोला. एका खोलीत बसल्या तरी "तुमच्या बहिणीला सांगा" आणि "तुझ्या बायकोला विचार". मधे मास्तर, तारेच्या खांबासारखे, दोन्हीकडून ताणलेले. देवाने एक बहीण दिली, एक बायको दिली, आणि दोघींत एक शब्द नाही, याने ते आतून कुरतडले जात.

आता अक्का आणि दाजींच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. घरगुती समारंभ ठरला. मास्तरांनी जाहीर केलं, मी सिनेमा करतो. मनात म्हणाले, आणि त्यात या दोघींना बोलायला लावतो.

एकमेकींबद्दल चांगलं बोलायला दोघीही तयार नव्हत्या. म्हणून मास्तरांनी कॅमेरा लावून बायकोला तिच्या जुन्या शिलाईच्या मशीनबद्दल विचारलं. बाई खुलल्या. "माझ्या लग्नापासून बघते मी हिला. कुरकुर करते, पण अडीअडचणीला हीच उभी राहिली. हिच्याशिवाय या घरातलं पान हललं नसतं." मग मास्तरांनी अक्काला तिच्या मनीबद्दल, म्हणजे मांजरीबद्दल विचारलं. अक्का विरघळली. "या घरात आली आणि घर भरलं बघ. दिवसभर दिसली नाही तर करमत नाही."

झालं काम! बायकोच्या बोलण्याला अक्काचा हसरा चेहरा जोडायचा, अक्काच्या बोलण्याला बायकोचा. मशीन आणि मांजर, दोन्ही कापून बाहेर.

मास्तर दुकानात लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर कामाला बसले. पडद्याआड मास्तरीणबाई दुमड घालत असत, म्हणून आवाज पार बंद. ओठ हलताना बघून मास्तर कापत. आणि हात पडला शिंप्याचा! शिंपी कधी रेघेवर कापत नाही. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो, त्याला म्हणतात माया. मास्तरांनी प्रत्येक तुकड्याला अशी भरघोस माया ठेवली आणि ती दिसू नये म्हणून वरून पुढचं चित्र दुमडून घातलं.

मॅडमनी वर्गात हे काम ओझरतं पाहिलं तेव्हा म्हणाल्या, तुकडे अगदी घट्ट कापा, शेपट्या राहताहेत.

"मॅडम, उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर?" मास्तर म्हणाले.

मॅडमना वाटलं, विनोद आहे. त्या हसल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. तिथेच घात झाला. चित्रावर चित्र घातलं की खालचं चित्र झाकलं जातं. आवाज झाकला जात नाही.

समारंभाला अक्काच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. नातेवाईक, शेजारी, सगळे दाटीवाटीने बसले. दिवे मालवले. चादरीवर मास्तरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नापासून बघते मी हिला..." आणि अक्काचा हसरा चेहरा!

मास्तरीणबाई दचकल्या. हे तर आपण मशीनबद्दल बोललो होतो. पण वळून पाहिलं तर अक्का रुमालाने डोळे टिपत होती. बाईंनी ओठ मिटले. मास्तरांचा ऊर सदऱ्याची बटणं तोडू पाहत होता.

आणि अक्काच्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर मास्तरीणबाईंचा आवाज पुढे चालू राहिला. "पण आता फारच खडखडायला लागलीय. भंगारवाल्याला बोलवा, वजनावर घेत असेल तर देऊन टाका."

मास्तर लॅपटॉपवर झेपावले, तोवर चादरीवर अक्का येऊन गेली होती आणि मास्तरीणबाईंच्या सोज्वळ चेहऱ्यावर अक्काचा आवाज सांगत होता, "आयतं खाते आणि लोळते मात्र. परवा दुधात तोंड घालताना सापडली, तशी मानगूट धरून बाहेर टाकली."

मास्तरांनी घाईघाईने बटण दाबलं. सिनेमा थांबला नाही, मागे जाऊन पुन्हा सुरू झाला. "भंगारवाल्याला बोलवा..."

"कुणाला देताय भंगारात?" कानाने मंद असलेल्या दाजींनी खणखणीत विचारलं.

कुणीतरी दिवे लावले. मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलंही नाही, सरळ नणंदेकडे वळल्या. "अक्का, मी मशीनबद्दल बोलत होते हो."

"आणि मी मनीबद्दल," अक्का म्हणाली. "तुझी मानगूट धरायची माझी काय छाती आहे?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघी मधला खांब सोडून बोलल्या होत्या. हे दोघींच्याही ध्यानात आलं. मग अक्का खालच्या आवाजात म्हणाली, "पातेलं स्वच्छच होतं गं. त्या दिवशी यांचे रिपोर्ट यायचे होते. जीव थाऱ्यावर नव्हता. हाताला काहीतरी हवं होतं."

"मग मला सांगायचं नाही?" मास्तरीणबाईंचा आवाज फुटला. "मी दुसरं पातेलं दिलं असतं, अक्का. घरातली सगळी दिली असती."

अक्काने त्यांचा हात धरून शेजारी बसवून घेतलं. खोलीभर डोळे ओले झाले. मास्तरांचे सगळ्यांत जास्त. माया ठेवली म्हणूनच हे साधलं, असं काहीतरी बोलायला ते पुढे सरकले.

तेव्हा दोघी एकदम वळल्या. तोच चेहरा मास्तरांनी दोन ठिकाणी पाहिला, आणि त्याचा अर्थ लावायला पुढचा तुकडा जोडायची गरज नव्हती.

पाहुणे पांगल्यावर नणंद-भावजय चहाचे कप घेऊन ओट्याशी गप्पा मारत बसल्या, आणि मास्तर मोरीपाशी बाह्या सरसावून चहाचं पातेलं घासत होते. घासून त्यांनी ते बायकोपुढे धरलं. बायकोने उजेडात फिरवून पाहिलं आणि अक्काकडे दिलं. अक्काने आत बोट फिरवलं.

"पुन्हा," अक्का म्हणाली.

"पुन्हा," मास्तरीणबाई म्हणाल्या.