पराते काका आणि पुण्याची जागा

शहराच्या कडेला बेसातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बेल वाजली की लोक आतून विचारतात, ‘कोण?’ समोरच्या फ्लॅटमधले पराते काका दोन प्रश्न विचारतात. आधी ‘कोण?’ आणि उत्तर मिळालं की ‘काहून?’, म्हणजे ‘कशाला?’ एका नव्या दूधवाल्यानं ‘दूध’ असं सांगितलं, तर आतून ‘काहून?’ आलं. तो बिचारा थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि दूध घेऊन खाली उतरला.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो होतो.

“कशाचे?” त्यांनी विचारलं.

“नवीन घराचे.”

“ते समजलं गा. खव्यात काय हाय?”

मी त्यांच्यासमोर एक पेढा खाल्ला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, मग बॉक्स आत घेतला.

काकांचं इतवारीच्या बाजारपेठेत चादरी-सतरंज्यांचं लहानसं दुकान आहे. मूळ घराणं उमरेडच्या विणकरांचं. माग बंद पडले आणि काका दुकानात बसले. घरी ते आणि त्यांची मुलगी पल्लवी, दोघंच. काकू गेल्या तेव्हा पल्लवी शाळेत होती. तेव्हापासून तिचा डबा, तिची वेणी, तिच्या शाळेतल्या मीटिंगा, सगळं काकांनीच केलं. शिक्षकांनी ‘मुलगी हुशार आहे’ म्हटलं तरी काका विचारत, “सगळ्याइलेच सांगता का असं?”

अशा माणसाच्या घरात यंदा इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन आली.

पल्लवीला मार्क चांगले होते. तिला पुण्याचंच एक कॉलेज हवं होतं. पहिल्या फेरीत ते मिळालं नाही, आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहणं सुरू झालं. दोघं बापलेक लॅपटॉपसमोर बसून राहत. साइट उघडायची नाही, मधोमध नुसतं चक्र फिरायचं.

“मुद्दाम करून राहिले हे,” काका म्हणायचे. “तिकडे जागा वाटून राहिले, अन् इकडे आपल्याले चक्र दाखवून राहिले. भानगड हाय.”

मोबाइलवर ओटीपी आला की ते आधी खिडकी लावायचे, मगच पल्लवीला आकडे वाचू द्यायचे. मी एकदा सहज विचारलं, “काका, काय झालं अ‍ॅडमिशनचं?”

“तुमाले काहून पायजे?”

माझी मुलगी आठवीतच आहे. तरीही पुढचे काही दिवस ती जिन्यात दिसली की काका तिच्याकडे प्रतिस्पर्ध्याकडे पाहावं तसं पाहायचे.

यादी लागायला थोडेच दिवस उरले असताना काका अचानक म्हणाले, “उमरेडले लग्न हाय. उद्या नाही तं परवा येतो.” सोबत दोन वेळचा डबा घेतला. उमरेड इथून तासाभरावर. लग्नाला निघालेला माणूस डबा कशाला नेईल? आयुष्यात पहिल्यांदाच मला काकांचा संशय आला.

दुसऱ्या दिवशी पल्लवी आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला.

“काका, मी उमरेडच्या आत्याला फोन केला. तिकडे कोणाचंच लग्न नाहीये. बाबांचा फोनही बंद येतोय.” ती जरा थांबली. “ते कुठल्या एजंटला भेटायला तर नसतील ना गेले? सीट मिळवून देतो म्हणणारे असतात ना...”

“छे! तुझे बाबा? ते देवळातल्या पुजाऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत.”

मी हसून म्हटलं खरं, पण मलाही खात्री नव्हती. मुलीसाठी माणूस काय करेल, सांगता येत नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी काका परतले. बुटांवर धूळ, डोळे जागरणानं तांबारलेले.

“कसं झालं लग्न?” मी विचारलं.

“चांगलं झालं. भात कच्चा होता.”

पल्लवी रिकामा डबा घेऊन आत गेली. आणि एका दुपारी यादी लागली. पुण्याचं तेच कॉलेज. आनंदाचं ओरडणं ऐकू येईल म्हणून मी दार उघडून वाट पाहत राहिलो. काहीच ऐकू येईना. शेवटी मीच गेलो. काका नुकतेच दुकानातून आले होते, आणि पल्लवी त्यांच्यासमोर उभी होती.

“बाबा, खरं सांगा. ही सीट माझी आहे, की तुम्ही कोणाला पैसे दिले?”

जन्मभर काकांनी जगावर संशय घेतला होता. त्यांच्यावर कोणी घेईल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नसावं.

“तुले असं वाटलं वं?”

“मग कुठे गेला होतात?”

काका खुर्चीवर बसले. “पुण्याले,” ते म्हणाले. “होस्टेल पाहाले. आत नाही जाऊ देल्लं, पोरीइचं हाय म्हणून. मंग गेटसमोर बसलो. तिथं एक बाई चहा-पोहे विकते. एक पोरगी रडत आली. त्या बाईनं काही विचारलं नाही, आंधी चहा देल्ला. मंग तिच्या बाजूले बसली.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “मी त्या बाईले म्हटलं, माही पोरगी येईन इथं. पल्लवी नाव हाय. तिले भूक लागली तरी सांगत नाही. एकदा विचारलं तं नाहीच म्हणते. दोनदा विचारजा.”

“पण तेव्हा यादी कुठे लागली होती?”

“नव्हती लागली.”

“आणि सीट मिळालीच नसती तर?”

“कशी नसती मिळाली? अभ्यास मी पायला ना तुहा.”

पल्लवीनं लॅपटॉप हळूच मिटला.

“बाबा, जेवलात?” तिनं विचारलं.

“हो.”

ती जागची हलली नाही. “जेवलात का, बाबा?”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तो परत काढला, आणि मान हलवून ‘नाही’ म्हणाले.