जड कॉलेजं खाली, हलकी वर

धाकटीच्या कॉलेजप्रवेशाच्या यादीत पहिलंच नाव 'बसस्टॉपमागचं' दिसलं, तेव्हा ताईला वाटलं, आपला चष्मा पुसायला झालाय. तिनं तो ओढणीला पुसला, पुन्हा लावला. नाव जागचं हललं नाही.

बसस्टॉपमागचं म्हणजे असं कॉलेज, की आत पत्ता विचारायला गेलेल्या माणसालाही प्रवेश देऊन बाहेर पाठवतील. ताईनं ते यादीच्या तळाला टाकलं होतं, कुठेच नाही मिळालं तर असू दे म्हणून. धाकटीला वास्तुकला शिकायची होती, तीही घड्याळाच्या मनोऱ्याच्या कॉलेजात. दुसरं काही तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. म्हणून घरातली एकुलती एक पदवीधर या नात्यानं ताईनं सूत्रं हाती घेतली होती (कुणी दिली नव्हती) आणि धाकटीनं कॉम्प्युटरवर उघडून दिलेल्या पानावर आठवडाभर झोप उडवून संतुलित यादी बनवली होती. वर स्वप्नातली कॉलेजं, मध्ये आवाक्यातली, खाली हमखास मिळणारी. यादी वरून खाली बघत येतात आणि मिळेल ते पहिलं कॉलेज गळ्यात मारतात. त्याखालचं सगळं रद्द.

आणि आता सगळ्यात वर बसस्टॉपमागचं. मनोरा तळाला!

"बाबा! यादीला हात कुणी लावला?"

"मी," बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले. "तूच म्हणालीस ना जेवताना, बॅलन्स महत्त्वाचा म्हणून?"

बाबांची हयात गोदामात गेली होती, ट्रकमध्ये माल लावून घेण्यात.

"सगळी जड कॉलेजं वर रचली होतीस. अशी थप्पी पहिल्या वळणाला आडवी होते, बाळा. जड खाली, हलकं वर. आता बघ, जाम हलायची नाही."

"हलायची नाही म्हणजे?"

"खाली कुलपाचं चित्र होतं. दाबून टाकलं."

ताई खुर्चीत बसली, पण खुर्ची जरा डावीकडे होती.

"काय पडलं गं?" आई आतून ओरडली.

"धाकटीचं आयुष्य!"

"मग उचल की. मला वाटलं कपाट."

कुलूप उघडायचं तर मोबाइलवर येणारा नंबर हवा, आणि तो येणार धाकटीच्या मोबाइलवर. धाकटी सकाळीच मैत्रिणीकडे गेलेली. पान पाचला बंद होणार होतं आणि पाच वाजत आले होते. ताईनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मग मदतकेंद्राला लावला, तिथल्या बाईनं ती रांगेत असल्याबद्दल तिचे आभार मानले आणि बासरी सुरू केली. ताईला धाकटी दिसायला लागली, बसस्टॉपमागच्या वर्गात, ड्रॉइंग बोर्डवर डबा ठेवून खाणारी, आणि आयुष्यभर ताईशी न बोलणारी.

"एवढी का घाबरतेस?" बाबा म्हणाले. ताईनं सगळं समजावलं. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"म्हणजे मी पोरीला... माझ्या हातानं..." ते उठले आणि चपला शोधू लागले. "मी जातो त्या मनोऱ्यात. सांगतो, लोडिंग चुकलंय, उतरवून घ्या."

"बाबा, ते कॉम्प्युटरवर असतं!"

"मग कॉम्प्युटर कुठे बसतो ते सांग!"

ताईनं पुन्हा धाकटीला फोन लावला. या वेळी तो उचलला गेला.

"काय गं ताई, किती फोन! सगळे ठीक आहेत ना?"

ताईनं हुंदके देत सगळं सांगितलं. बसस्टॉप, मनोरा, थप्पी, कुलूप. पलीकडे फिस्सकन हसू.

"अगं, ते सरावाचं पान आहे! वर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय. खरी यादी मी परवाच भरली. मनोरा पहिला."

ताईनं पाहिलं. खरंच लिहिलं होतं. (लाल अक्षरांनी तिला धडकी भरते, म्हणून ताई ती वाचत नाही.)

"मग मला कशाला दिलंस ते?" तिचा आवाज चिरकला.

"तुला दुसरीकडे गुंतवल्याशिवाय मला खरं पान शांतपणे भरता आलं असतं? आणि ऐक, उद्या सरावाची दुसरी फेरी आहे," धाकटी लाडात येऊन म्हणाली. "ती बाबांनाच करू दे हं."