भिवबाची डोंगरवाट आणि वाटेवरचे नातेवाईक

एका जंगलात, बाळांनो, भिवबा नावाचं एक साळिंदर राहत होतं. त्या जंगलात जो जिथे जन्मायचा तो तिथेच मरायचा. भिवबाला मात्र मरायच्या आधी एकदा समुद्र बघायचा होता. हसू नका. असतं एखाद्याला वेड.

समुद्र दिसायचा तो पार दक्षिणेच्या शेवटच्या सुळक्यावरून. तिथवर डोंगराच्या धारेधारेने जायचं, म्हणजे सगळा हिवाळा चालणं आलं. पण भिवबा काही अडाणी नव्हता. त्याने नियोजन केलं. पाऊस संपल्यापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता. ओझं हलकं हवं म्हणून त्याने स्वतःचे थोडे काटेसुद्धा उपटून घरी ठेवले.

"आणि वाटेत खाणार काय?" सशाने विचारलं.

"ते आधीच पुढे गेलंय," भिवबा ऐटीत म्हणाला. "कावळ्यांबरोबर कंदांची गाठोडी पाठवलीत. एक मावशीकडे, एक आत्याकडे, एक यमुताईकडे. पोचायचं, गाठोडं उचलायचं, चालू लागायचं. मुक्काम म्हणून नाही!"

वाटेत अनोळखी बिळंही होती. पण परक्याच्या दारात कशाला जायचं? घरची माणसं ती घरची माणसं.

मावशीचं बीळ आलं. भिवबा दारातूनच म्हणाला, "मावशी, गाठोडं दे. निघतो."

"ते कंद होय? अरे, तू येणार म्हणून चार जणांना जेवायला बोलावलं, त्यात संपले. बस आधी. किती वाळलास!"

भिवबा बसला. मावशीने दोन दिवस उठू दिलं नाही. निघताना तिने त्याच्या पाठीवर भलंमोठं बोचकं बांधलं.

"हे तुला नाही हो, आत्याला दे. तिच्याकडे रिकाम्या हाताने गेलास तर माझं नाक कापलं जाईल."

आत्याकडे कंद शाबूत होते, पण आत्या रुसली होती. "मावशीकडे दोन दिवस राहिलास म्हणे. आम्ही काय घोडं मारलंय तुझं?"

म्हणून भिवबा चार दिवस राहिला. मावशीने बोचकं पाठवलं म्हटल्यावर आत्या मागे कशी राहील? तिने यमुताईसाठी पाटा दिला. हो, दगडाचा पाटा, वरवंट्यासकट! तो बांधायला जागा हवी म्हणून भिवबाने आपले कंद तिथेच ठेवले.

यमुताई ही भिवबाची चुलतबहीण. तिचं बीळ शेवटच्या सुळक्याच्या अगदी पायथ्याशी. भिवबाने पाटा उतरवला आणि वर बघितलं. वरून खारा वारा येत होता. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"यमुताई, आधी वर जाऊन येतो. दुपारपर्यंत परत."

यमुताईचा चेहरा पडला. "जा बाबा. पहाटेपासून राबतेय, ते कुणाच्या तरी पुढ्यात टाकीन. समुद्र काय पळून चाललाय?"

समुद्र पळून जात नाही, हे खरंच होतं. भिवबा जेवला. मग त्याला साधं टेकाडही चढवेना. दुसऱ्या दिवशी यमुताईच्या सासरच्यांनी बोलावलं. तिसऱ्या दिवशी सासरच्यांच्या शेजाऱ्यांनी. 'नको' हा शब्द रोज त्याच्या ओठांपर्यंत यायचा, तेवढ्यात कुणीतरी तोंडात घास घालायचं. असं करता करता हिवाळा सरला, उन्हाळाही उतरला, आणि ढग सुळक्यावर येऊन बसले ते हलेचनात.

"आता परतच निघालायस," यमुताई म्हणाली, "तर आत्याला एवढं देशील?"

एवढं म्हणजे जातं होतं.

भिवबाने सुळक्याकडे एकदा पाहिलं. त्याला फार वाईट वाटलं. मग त्याने जातं उचललं.

तो घरी पोचला तेव्हा सगळं जंगल गोळा झालं.

"कसा असतो रे समुद्र?" सशाने विचारलं.

भिवबा आधी खाली बसला.

"चांगला असतो," तो म्हणाला. "पण आग्रह फार करतो."

तात्पर्य: लांबच्या वाटेवर आपली माणसं असावीत, असं थोरमोठे सांगतात. तुम्ही मात्र, बाळांनो, जिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही अशीच वाट निवडा. आणि ती सापडली, तर मावशीला कळवू नका.