वैजयंतीबाईंनी दोन मुलखांमध्ये पूल बांधिला त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न असो, आणि बोलणाऱ्याचे तोंड व ऐकणाऱ्याचे कान दोन्ही शाबूत राहोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, ते समयी महाजालाच्या मुलखात जे वर्तमान जाहले ते असे. पूर्वी या मुलखावर एकच धनी होता. सर्व रयत त्याच्याच एका चावडीवर बोलत असे, आणि कोणाचे बोलणे वर चढवावे व कोणाचे दडपावे हे तो आपल्या मर्जीने ठरवी. पुढे मर्जी फिरली आणि रयत उठोन गेली. काही लोकांनी लहान लहान वाड्या वसविल्या. एक वाडी म्हणजे कोणा एकाने आपल्या खर्चाने चालविलेल्या सर्व्हरवरची बैठक. तिचा कारभारी निराळा, नियम निराळे, आणि वाड्यावाड्यांचे आपसात बोलणे चाले, परंतु कोणी उपद्रव करू लागल्यास कारभारी त्यास वेस बंद करी. दुसऱ्या लोकांनी लांब जाऊन एक मोठे मैदान केले. तेथे बोललेले सर्वांस ऐकू जाई, आणि ज्यास जे नको त्याने आपल्यापुरती चाळण लावोन ते गाळावे, ऐसी तेथील रीत. दोन्ही मुलूख नांदते होते, परंतु मध्ये वाट नव्हती. वाडीतल्याची पोस्ट मैदानात दिसत नसे आणि मैदानातली वाडीत येत नसे, आणि जिवलग मित्र दोहींकडे वाटले जाऊन एकमेकांस मुकले होते.

ऐसे असता वैजयंतीबाई सबनीस म्हणोन एक बाई होत्या. संगणकाचे प्रोग्राम लिहिणे हा त्यांचा व्यवसाय, आणि दोन्ही मुलखांत त्यांचे येणे जाणे. मैदानात एक गृहस्थ पाणथळीच्या पक्ष्यांची छायाचित्रे घालीत, आणि वाडीत काही मंडळी त्याच पक्ष्यांची नावे विचारीत बसत, आणि एकास दुसऱ्याची खबर नाही, हे पाहोन बाईंचा जीव हळहळला. मग त्यांनी मनात आणिले की आपणच पूल बांधावा. कोणाची आज्ञा नाही, कोणाचे वेतन नाही, नोकरी सांभाळोन उरल्या वेळात एकट्या बसोन बाईंनी काम सिद्धीस नेले, आणि पूल ऐसा केला की इकडची पोस्ट आपोआप तिकडे जावी आणि तिकडची इकडे यावी, बोलणाऱ्यास काही खटपट पडो नये. पूल खुला जाहला तेव्हा दोन्ही मुलखांत आनंद जाहला. पक्षीवाले एकमेकांस भेटले, आणि लोकांनी बाईंची बहुत तारीफ केली, आणि बाईही मनात सुखावल्या.

आता वाड्यांमध्ये विणकरवाडी म्हणोन एक होती. तेथे लोकर, सुया, मोजे आणि स्वेटर याखेरीज दुसरी गोष्ट फारशी नसे, आणि कारभारीण सकीनाबी मुजावर, बोलण्यास तिखट आणि रयतेस आईसारख्या. त्या वाडीत कुमुदिनी गवारे नामे एक परिचारिका आश्रयास होत्या. त्या पूर्वी मैदानात राहात. तेथे जालिंदरराव म्हणोन एक बोलघेवडा होता, हजारो लोक त्याचे मागे, आणि तो मधुमेहावर कसल्याशा काढ्याची जाहिरात करोन इन्सुलिन सोडा म्हणोन सांगे. कुमुदिनीबाईंनी भर मैदानात म्हटले, "हे ऐकोन माणसे मरतील." एवढे म्हटले मात्र, जालिंदररावाची फौज बाईंवर तुटोन पडली. घरचा पत्ता उघड केला, इस्पितळात फोन केले, धमक्या दिल्या. मग बाईंनी मैदान सोडिले, नाव सोडिले, आणि विणकरवाडीत कुमुद एवढ्याच नावाने लोकरीच्या गोष्टी करीत राहिल्या. तेथे त्यांस पुन्हा झोप लागू लागली होती.

पूल खुला जाहल्यावर कुमुदिनीबाईंनी एका गळपट्ट्याचे छायाचित्र वाडीत टाकिले. ते कोणी न विचारता पुलावरोन मैदानात गेले. फौजेतील एकाने बाईंच्या मैदानातील जुन्या छायाचित्रांवरोन गाठ घालण्याची लकब आणि मागची खिडकी ओळखली, आणि दुपारपर्यंत शिव्यांचा लोंढा पुलावरोन वाडीत शिरला. बाईंनी घाबरोन आपली पोस्ट पुसली. वाडीतून ती गेली, परंतु पलीकडे जशीच्या तशी उभीच राहिली, कारण इकडे पुसलेले तिकडेही पुसावे ही गोष्ट पुलास शिकविलीच नव्हती.

वैजयंतीबाई त्या समयी पानावर बसल्या होत्या. सकीनाबींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "बाई, पूल तुमचा असेल, माणसे माझी आहेत. मी त्या फौजेस वेस बंद केली ती काय उगाच? तुम्ही मागचे दार उघडोन दिलेत." वैजयंतीबाईंनी एकही सबब सांगितली नाही. हात धुतला, उठल्या, आणि तत्क्षणी पूल बंद केला, आणि पलीकडे गेलेल्या सर्व पोस्टी आपल्या हाताने मागे घेतल्या.

तेव्हा मैदानातील जाणते स्नेही म्हणाले, "एकीच्या रडण्याने एवढे काम पाडता? ती पोस्ट उघड्यावरच होती. उघड्यावरचे कोणीही न्यावे." वैजयंतीबाईंस ही गोष्ट आधी खरीच वाटत होती, आणि याच समजुतीवर पूल बांधिला होता. परंतु आता मन मानेना. मग सकीनाबींची मिनतवारी करोन कुमुदिनीबाईंशी बोलण्याची परवानगी घेतली आणि म्हणाल्या, "चूक माझी. काय करू ते सांगा."  कुमुदिनीबाई म्हणाल्या, "मी वाडीत गप्प राहायला आले नव्हते, ताई. ओळखीच्या माणसांत बोलायला आले होते. मी ओट्यावर बसोन बोलते ते रस्त्यावरच्या चार जणांस ऐकू जाते, ते मला ठाऊक आहे. म्हणोन मला ओट्यासकट उचलोन बाजारात नेऊन ठेवावे, ऐसे होते काय?" 

मग बाईंनी दोन्ही मुलखांची सभा भरविली, आणि कोणी काही बोलो, ऐकोन घ्यावे ऐसा निश्चय केला. वाडीवाले म्हणाले, पूल पाडा. मैदानवाले म्हणाले, भित्र्यांनी कोंडून घ्यावे, आमची वाट का अडवितात? शिव्याही बहुत पडल्या. बाई ऐकत गेल्या आणि मग पूल पायापासोन नव्याने बांधू लागल्या. आता ज्याने आपल्या तोंडाने ‘मला पलीकडे ने’ म्हणावे त्याचेच बोलणे जावे, न बोलणे म्हणजे होकार ऐसे समजू नये. वाडीने ज्यास वेस बंद केली त्यास पुलाचीही वेस बंद. इकडे पुसले की तिकडे पुसावे. आणि वाड्यांत ऐसी चाल होती की रक्ताचे, शोकाचे काही दाखवावयाचे तर वर झाकण घालोन इशारा द्यावा, मैदानात झाकण नाही, चिठ्ठी लावण्याची रीत. तर पुलावर झाकणाची चिठ्ठी व्हावी आणि चिठ्ठीचे झाकण, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर काही अवचित आदळू नये. तक्रार आली तर ती बोलणाऱ्याच्या घरच्या कारभाऱ्याकडे पोचावी. आणि जे साधणार नाही तेही बाईंनी सभेत स्वच्छ सांगितले: "कोणी आधीच नक्कल करोन ठेविली असेल तर ती मला पुसता येत नाही. हे जाणोन मगच पलीकडे या." ऐसे खरे सांगणारा कामगार विरळा, म्हणोन वाडीवाल्यांचा राग तेथे निम्मा उतरला.

पूल दुसऱ्यांदा खुला जाहला. पहिल्याने हजारो गेले होते, आता थोडेच गेले, परंतु जे गेले ते आपल्या पायांनी गेले. मग जालिंदररावाने नवा डाव मांडिला. रीतीप्रमाणे त्याने ‘मला पलीकडे ने’ म्हटले. विणकरवाडीची वेस त्यास बंद होती, तर त्याचे लोक रोज नवे नाव धरोन पुलावरोन येऊ लागले, एक नाव बंद करावे तो दुसरे उभे, आणि सकीनाबी बंद करता करता थकोन गेल्या. आता वैजयंतीबाईंपुढे कठीण मसलत पडली. पूल म्हणजे केवळ रस्ता, रस्त्याने कोण चालतो हे रस्त्याने पाहू नये, ऐसे त्या म्हणत आल्या होत्या. आणि एकदा का आपण निवाडा करू लागलो तर जुन्या धन्यात व आपल्यात अंतर काय, ही भीतीही खरी होती. बहुत विचार केला, जेवण गोड लागेना. शेवटी जालिंदररावास व त्याच्या फौजेस पूल बंद केला आणि तसे चारचौघांत जाहीर केले. जालिंदररावाने फोन करोन विचारिले, "तुम्हांस न्यायाधीश कोणी नेमले?" बाई म्हणाल्या, "कोणी नाही. तुम्ही मैदानात बोला, तुमची जीभ मी धरीत नाही. पण तुम्हांस नेऊन लोकांच्या दारात सोडण्याचे काम माझ्या हातून होणार नाही." तो म्हणाला, "मग तुमचेही दार आम्हांस ठाऊक आहे." आणि खरोखरच बाईंच्या घरी, नोकरीच्या ठिकाणी फोन सुरू जाहले, आणि बाईंस कळो आले की कुमुदिनीबाईंनी काय सोसले. त्या घाबरल्या, परंतु पूल उघडिला नाही. तेव्हा वाड्यांचे कारभारी व मैदानातील चाळणी करणारे लोक आपण होऊन आले आणि म्हणाले, "एकटीने किती जागाल? पहारा वाटून घेऊ." आणि घेतला, आणि फौज हळूहळू कंटाळोन गेली.

मग वैजयंतीबाईंनी जे केले ते या साऱ्यात थोर. विजय मिळाला असता अधिकार कोण सोडतो? बाईंनी दोन्ही मुलखांतले पंच नेमिले आणि म्हटले, "मी ज्यास पूल बंद केला त्याने पंचांकडे दाद मागावी. पंच उलट बोलले तर माझा हुकूम रद्द." पंचांत कुमुदिनीबाईंस बोलाविले. त्या म्हणाल्या, "मी पलीकडे येणार नाही. पण पंचात बसेन." पहिलीच फिर्याद मैदानातील दौलत तांबोळी याची आली. हा मोठा फटकळ. धामधुमीत त्याने सकीनाबींस म्हटले होते, "तुमच्या वाडीत पाहुण्यास कोणी पाणीही विचारीत नाही, नुसत्या सुया टोचता." वैजयंतीबाईंनी त्यास फौजेतला समजोन बंद केले होते. सकीनाबी म्हणाल्या, बंदच राहू दे. वैजयंतीबाईंनीही आपला हुकूम उचलोन धरिला, म्हणाल्या, "भाषा तीच आहे." तेव्हा कुमुदिनीबाईंनी त्याचे सर्व बोलणे प्रथमपासोन शांतपणे वाचिले आणि म्हणाल्या, "तीच नव्हे. हा फाटक्या तोंडाचा आहे, पण माझ्या मागे लागलेल्यांतला नाही. त्यांचा आवाज मला ओळखू येतो. यास रागावता येते, छळता येत नाही. ताई, तुम्ही भीतीने बंद केलेत. उघडा."  वैजयंतीबाईंनी मान लवविली, "चुकले" म्हणाल्या, आणि सर्वांसमक्ष दौलत तांबोळी यास पूल उघडोन दिला, आणि त्याची माफीही मागितली.

सारांश, पूल बांधणारे बहुत होतात. ज्यास यावयाचे नाही त्यास बोलावू नये, ज्यास बोलावयाचे त्यास अडवू नये, आणि आपण चुकलो तर सांगणारा आपणच शेजारी बसवावा, इतके ज्यास साधले त्याचाच पूल टिकला. येणेप्रमाणे हकीकत जशी जाहली तशी सांगितली. उणे असेल ते जाणत्यांनी पुसावे, आणि पुसले तर दोन्हीकडे पुसावे.