सर्वांनी आजच कार्ड काढावे

कुलूपसाहेबांना काही झालं तरी आज संध्याकाळची गाडी गाठायची होती. पाणीपुरवठा कार्यालयातल्या संगणकांची सुरक्षा त्यांच्याकडे होती आणि दिसेल त्याला कुलूप लावायच्या खोडीमुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं. बायकोला समुद्र दाखवायचं वचन त्यांनी दोनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा मोडलं तर मी एकटीच जाईन, असं तिने सांगून टाकलं होतं, आणि ती बोलेल तसं करणारी बाई होती. या वेळी साहेबांनी तिकिटं आधीच आणून कपाटाच्या खणात ठेवली होती. सकाळी घाईघाईत बूट चढवताना साहेब म्हणाले, "तिकिटं काढून ठेव. मी आलो की निघू."

रजा मंजूर होती, पण कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी एक अट घातली होती. शहरात कुठल्या भागाला पाणी कधी सोडायचं, याचा प्रचंड हिशोब सगळ्या शाखांमधल्या संगणकांनी आपापसात वाटून घेऊन सकाळपासून चालवला होता. तो संपल्याशिवाय साहेबांनी हलायचं नाही. प्रत्येक संगणकात तिथल्या माणसाचं स्मार्ट कार्ड खोचलेलं होतं. कार्ड आत असेल तरच त्या संगणकाच्या आकड्यांवर बाकीचे संगणक विश्वास ठेवणार. ते बाहेर आलं की त्याचा वाटा रद्द. ही युक्ती साहेबांचीच, आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

दुपारी त्यांना आठवलं की सगळ्यांच्या कार्डांची मुदत संपत आली आहे. आपण रजेवर जाण्याआधी प्रत्येकाने तळमजल्यावर फोटो देऊन नवीन कार्ड करून घ्यायला हवं. लांबलचक सूचनांचा साहेबांना तिटकारा. त्यांनी शाखांना चारच शब्द धाडले: "सर्वांनी आजच कार्ड काढावे."

एरवी या कार्यालयात सूचना वाचायलाच आठवडा जातो. पण त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात शिस्त संचारली. जो तो उठला आणि संगणकातलं कार्ड उपसून मोकळा झाला. साहेबांच्या पडद्यावर एकेक शाखा विझत गेली आणि सकाळपासूनचा हिशोब पाण्यात गेला.

त्यांनी पहिला फोन भांडारातल्या बाईंना लावला.

"कार्ड का काढलंत?"

"तुम्हीच लिहिलंय, काढा म्हणून."

"अहो, काढा म्हणजे नवीन करून घ्या."

"मग तसं लिहायचं. शब्दांना काय भाडं पडतं?"

साहेबांनी दात खाऊन दुसरी सूचना धाडली: "ताबडतोब कार्ड घाला." मग ते पडद्याकडे बघत बसले. एकही शाखा उजळेना. पुन्हा भांडारात फोन.

"बाई, कार्ड घातलं का?"

"केव्हाच घातलंय."

"मग मला दिसत का नाही?"

"फोनवरून कसं दिसेल? गळ्यात आहे. फीत जरा आखूड झालीय, एवढंच."

साहेबांनी कपाळ टेबलावर टेकवलं. त्यानंतर एकेका शाखेला फोन करून, कार्ड गळ्यातून हातात, हातातून फटीत आणि फटीत सुलट बाजूने कसं सरकवायचं, हे सांगता सांगता त्यांचा घसा बसला. मराठीत नापास झालेल्यांना नोकरी देतं कोण, असंही ते दोन-तीनदा पुटपुटले. हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तो संपला तेव्हा गाडी सुटून गेली होती.

घराचा जिना चढताना त्यांनी माफीची भाषणं जुळवली. एकही धड जमेना. दार उघडलं तर बायकोचाच चेहरा ओशाळलेला.

"रागावू नका हं," ती म्हणाली. "आजची गाडी भरलेली होती. रांगेत उभी राहून उद्याची काढली."

"काय काढली?"

"तिकिटं. तुम्हीच नाही का सकाळी म्हणालात, काढून ठेव म्हणून? ऐन दिवशी सांगायचं, ही तुमची जुनी सवय."

साहेबांनी तोंड उघडलं. या एका शब्दाचा अर्थ ते दुपारपासून साऱ्या कार्यालयाला ओरडून समजावत होते. त्यांनी तोंड मिटलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. आणि ती पाणी आणायला आत वळली तशी, खणातली आजची तिकिटं त्यांनी हळूच खिशात घातली.