राजदीपची उशिराची टाळी

माझ्या नजरेतून माझ्या मुलाची शिंकसुद्धा सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. शिंक यायच्या आधी त्याचं नाक कसं हलतं, तेही मला पाठ आहे. बी.एस्सी. करून घरी बसलेल्या बाईच्या हाती तीन वर्षांचं पोर लागलं की त्याची प्रयोगशाळा होतेच. म्हणून तर राजदीपच्या कानात काहीतरी बिघाड आहे, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं!

झालं असं, की आमच्या विवेकनी नागपूरहून व्हिडिओ गेमची जुनी मशीन आणली. ती टीव्हीला जोडायची असते, आणि टीव्ही सासूबाईंच्या ताब्यात. मालिका सुरू झाल्या की अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारख्या त्या रिमोटवर बसतात. त्यांना उठवायची हिंमत गोंदियात कोणाची नाही. शेवटी विवेकनी एक डबी आणली. मशीनच्या वायरी डबीत, डबी कॉम्प्युटरला, आणि क्रिकेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर. कॉम्प्युटर तसा म्हातारा. उन्हाळ्यातल्या म्हशीसारखा, हाक मारली की आधी विचार करणार, मग उठणार. पण चाललं.

रोज संध्याकाळी विवेक खेळायचे आणि राजदीप त्यांच्या मांडीवर बसून आपला प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर फिरवायचा. सिक्स गेला की टाळी वाजवायची, असं बापलेकाचं ठरलेलं. मी बाजूला बसून भाजी निवडता निवडता दोघांवर लक्ष ठेवून. बॅट फिरली, चेंडू उडाला, विवेक म्हणाले, "गेला." मी टाळी वाजवली. राजदीप ट्रॅक्टरमध्येच. माझी टाळी संपून हात परत भाजीत गेले, तेव्हा कुठे त्याची टाळी वाजली.

एकदा झालं तर सोडून दिलं असतं. पण प्रत्येक सिक्सला तेच! चेंडू केव्हाचा प्रेक्षकांत, आणि माझं पोर नेहमी उशिरा सुटणाऱ्या देवरीच्या बससारखं मागून येतंय. विवेकना म्हटलं, ह्याला उशिरा ऐकू येतं हो. विवेक पडद्यावरून नजर न काढता "हूं" म्हणाले. त्या "हूं"वर विसंबून मी संसार करते आहे.

सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्या भडकल्याच.

"आमच्या खानदानात कोनी बहिरा नाही वो. तुया माहेरी पाह्य."

झालं, आता प्रश्न दोन खानदानांचा! त्यांनी सरळ पितळेची थाळी आणि बेलणं उचललं, राजदीपच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दणकन वाजवली. राजदीप दचकून वळला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नापास झाले. पण मला एका प्रयोगावर निष्कर्ष काढायची सवय नाही. मी म्हटलं, आई, परत वाजवा. मग झोपेतून उठल्यावर थाळी, जेवताना थाळी, अंगणात थाळी. तिसऱ्या थाळीला शेजारच्या पुष्पाबाई धावत आल्या. त्यांच्याकडे घरात बाळ जन्मलं की थाळी वाजवतात. वाटीत गूळ घेऊन दारातच त्यांनी विचारलं, "क्या हुआ रंजिता, लड़का कि लड़की?" आणि माझ्या पोटाकडे अशा संशयाने पाहू लागल्या, की इतके महिने मी त्यांच्यापासून काय लपवलं असेल! कानाचं कळल्यावर गूळ त्यांनी परत नेला नाही, पण ही बातमी मात्र गल्लीभर नेली.

राजदीप प्रत्येक थाळीला वळायचा. आणि संध्याकाळी प्रत्येक सिक्सला उशिरा टाळी वाजवायचा. मी रडकुंडीला आले. शेवटी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. निघताना सासूबाई दारातच म्हणाल्या, "कायले नेऊन राहिली पोराले? कान त्याचा ठीक आहे, डोकं तुयं दाखव."

डॉक्टरांनी मागून घंटी वाजवली, राजदीप वळला. पुढून, बाजूने, हळू, जोरात, सगळीकडे वळला. मी सांगितलं, हे इथे नाही होत डॉक्टर, क्रिकेटच्या वेळीच होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कान उत्तम आहेत, मॅडम. तुमची झोप होते ना नीट?"

म्हणजे सासूबाई आणि विज्ञान, दोघांचं एकमत! घरी येऊन मी मुकाट्याने कणीक मळायला बसले. बाहेर गेम सुरू झाला. स्वयंपाकघरातून पडदा दिसत नाही, म्हणून आयुष्यात प्रथमच मी पोराकडे न बघता नुसतं ऐकलं. विवेक म्हणाले, "गेला." मग थोडी शांतता. मग बॅटचा, सिक्सलाच येतो तसा मोठा टक् असा आवाज, आणि टक्बरोबर टाळी. अगदी बरोबर, ताल धरल्यासारखी.

माझे हात कणकेत थांबले. चेंडू गेल्यावर बॅटचा आवाज येतो? असं कोणत्या मैदानात होतं?

तशीच कणकेच्या हातांनी बाहेर धावले. पडद्यावर बॅट फिरली. मी मनात "एक" म्हटलं, तेव्हा कुठे स्पीकर बोलला. उशीर पोराला नव्हता, आवाजाला होता! ट्रॅक्टरमध्ये डोकं घातलेला माझा राजदीप नुसत्या कानावर चालला होता, आणि घरात तोच एकटा बरोबर होता.

"हो, आवाज मागून येतो," विवेक शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तुला माहीत आहे."

त्या वेळी माझे हात कणकेने भरलेले होते म्हणून विवेक वाचले.

मग माझ्या अंगात बी.एस्सी. संचारली. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. आवाज डबीतून आणि त्या म्हशीतून, म्हणजे कॉम्प्युटरमधून, फिरून येतो, म्हणून उशीर. बाजारातून एक जोडपिन आणली, लाल-पांढरी वायर डबीतून काढली आणि मशीनचा आवाज थेट स्पीकरला दिला. पडद्याकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून मी सगळ्यांना बोलावलं. सासूबाई मालिका सोडून आल्या. गल्लीचा हिशेब पूर्ण करायला पुष्पाबाईही आल्या.

विवेक खेळू लागले. टक्! राजदीपची टाळी वाजली. आणि त्यानंतर पडद्यावर बॅट फिरली.

आवाज आता थेट येत होता, पण चित्र अजून म्हशीच्या पोटातूनच येत होतं. पुढच्या चेंडूला स्पीकरमधून दांडी उडाल्याचा आवाज आला. राजदीप ट्रॅक्टर फिरवत म्हणाला, "बाबा आऊट." विवेक म्हणाले, "कुठे आऊट?" आणि पडद्यावर त्यांची दांडी उडाली.

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "इसको तो सब पहले से मालूम है!"

"आमच्या खानदानात असंच राहते," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. "पोरगं तुयंही आहे म्हना."

आता मला सांगा, अशा वेळी वायरींचं कोण बोलेल? पुष्पाबाईंनी आपल्या मुलाच्या नोकरीचं राजदीपला विचारून घेतलं, वाटीभर गूळ पुन्हा आला, आणि डॉक्टरांच्या झोपेच्या प्रश्नाला गल्लीने परस्पर उत्तर दिलं, की असं पोर असल्यावर आईला झोप कुठली. खरं कारण मी एक दिवस सांगणारच आहे. विज्ञान म्हणजे विज्ञान.

फक्त परवा भाजी अर्धी शिजली असताना गॅस संपला. घरात कोणी नाही असं बघून मी राजदीपला हळूच विचारलं, सिलिंडर आज येईल का रे? त्याने लगेच टाळी वाजवली. मी निर्धास्त झाले, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शेजारून शेगडी मागायला गेले नाही.

सिलिंडर अजून यायचा आहे.