हजेरी क्रमांक वीसची कळशी

कुरणवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पटावर वीस विद्यार्थी होते आणि त्यांतला विसावा विद्यार्थी यंत्र होता.

पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद करायची, असं वरून पत्र आलं होतं. त्याच आठवड्यात वरूनच एक कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्रही आलं. मुख्याध्यापक झिंबल सरांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि यंत्राला आठवीत दाखल करून घेतलं. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या सगळ्या मुलांची असते तीच लिहिली, एक जून. नाव यंत्र, वडिलांचं नाव पुरवठादार, आडनाव कुरणवाडीकर. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. त्याची उंची मोजली, वजन घेतलं, जंताच्या गोळ्यांच्या दिवशी एक गोळी त्याच्याही पुढ्यात ठेवली. दुपारी खिचडीची ताटली वाढली. ती रिकामी कशी होते हे कुणी विचारलं नाही, कारण बाकीच्या ताटल्याही रिकाम्याच होत.

मुलं त्याला यंत्र्या म्हणत. वर्गात प्लग एकच, तो दुसऱ्या बाकाजवळ. म्हणून यंत्र्या दुसऱ्या बाकावर मोहिनी खरातशेजारी बसे. शाळा सुटली की केतकी वाघमोडे त्याला कपाटात ठेवून कुलूप लावी आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकी.

केतकी गणिताची शिक्षिका. शिकवायचं कसं, हे शिकायला ती समुद्रापार गेली होती आणि चार वर्षांनी हट्टाने याच तालुक्यात परतली होती. पोराने जे हाताने चाचपलं नाही ते त्याला आलं असं म्हणू नये, हे ती कुणालाही अडवून सांगे. यंत्र्यावर तिचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. त्याचं एकही उत्तर कधी चुकलं नव्हतं, आणि ज्याचं काहीच चुकत नाही तो शिकायला कशाला येतो, हे तिला कळत नव्हतं.

वार्षिक परीक्षेत ते चुकलं.

गणितं परिसराशी जोडा, असा केतकीचा आग्रह. म्हणून पुस्तकातल्या ‘एक टाकी’चं तिने ‘आपल्या गावची टाकी’ केलं होतं. ही टाकी नळाने सहा तासांत भरते, तळाच्या तोट्यांनी बारा तासांत रिकामी होते. दोन्ही एकदम सुरू ठेवल्यास किती तासांत भरेल? गुण चार. उत्तर बारा तास.

मोहिनीने लिहिलं होतं: ‘टाकी भरत नाही. तिसऱ्या तासाला लाईट जाते. तोवर बायका खालून पाणी भरतात. आमची कळशी सातवी असते. पाणी आठव्या कळशीपर्यंत पुरतं. नववी भरत नाही.’

यंत्र्याच्या पेपरात तेच होतं, शब्द न शब्द. एकच फरक होता: ‘आमची कळशी आठवी असते.’

केतकी दोन्ही पेपर घेऊन झिंबल सरांकडे गेली.

“सर, कॉपी झालीय. यंत्राने मोहिनीची केलीय.”

झिंबल सरांनी चष्मा काढला. “मॅडम, हुशार पोरगं ढ पोराची कॉपी करतंय होय? उलटं असतंय ते.”

“त्याने सातवीचं आठवी केलंय बघा. कॉपी करणारा एक शब्द बदलतोच.”

“मग पोरीनं आठवीचं सातवी केलं असंल.”

“आणि कळशी? यंत्राला कळशी कुठली?”

“हे बघा,” सर आवाज उतरवून म्हणाले, “पोरीचं नाव पुढं केलं तर एक पोरगी नापास होईल. त्याचं नाव पटावरनं कमी झालं तर शाळा जाईल. मी दोन वर्षांत रिटायर होतोय. मला शाळेवरच होऊ द्या.”

मोहिनीला बाकी पेपरात एकतीस गुण होते, पास व्हायला पस्तीस लागत. नापास झाली तर मेंढरांमागे धाडणार, असं तिच्या चुलत्याने पारावर चार माणसांत सांगून ठेवलं होतं, आणि त्याने सांगितलेलं तो करत असे. कॉपीचा ठपका पोरीवर येऊ नये म्हणून केतकीने वरती अर्ज केला.

चौकशीला केंद्रप्रमुख शेडगे मोटरसायकलवर आले. आधी त्यांनी यंत्र्याचा जबाब घेतला.

“तू कॉपी केलीस?”

“हो साहेब.”

“का या मुलीनं तुझी केली?”

“तसंही असू शकेल साहेब. आपण फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात.”

“म्हणजे दोघांनी एकमेकांची केली?”

“आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे.”

शेडग्यांनी तिन्ही वाक्यं लिहून घेतली. “साक्षीदार नम्र आहे,” ते म्हणाले, “पण उपयोगाचा नाही.” मग त्यांनी मोहिनीला बोलावलं.

“सातवी कळशी कुणाची?”

“आमची. इचारा कुणालाबी.”

“आणि आठवी?”

मोहिनीने खांदे उडवले. “माझं तोंड म्होरं आसतंय सर. माझ्या मागं कोण हाय, ते मी कशाला बघू? परीक्षेतबी मागं बघायचं न्हाय म्हंत्यात.”

शेडग्यांनी फाईल मिटली. “नियम साधा आहे. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं, त्याला कॉपी म्हणत नाहीत. चूक सारखी निघाली तरच कॉपी. तेव्हा आधी उत्तर चूक आहे का, ते पाहायला हवं.”

“चूकच आहे,” केतकी म्हणाली. “उत्तर बारा.”

“प्रश्नात आपल्या गावची टाकी लिहिलंय ना? मग टाकी इथेच आहे. उद्या सकाळी सहा वाजता पंचनामा करू.”

सकाळी सहाला टाकीवर मोटार सुरू झाली. केतकी मनगटावरचं घड्याळ बघत उभी राहिली. तोट्यांखाली कळशांची रांग होती. एक कळशी म्हणजे एका घराचा नंबर. तिच्यामागे त्या घरचे हंडे, बादल्या, पिंपं. आठ वाजून पन्नास मिनिटांनी लाईट गेली. वरचा नळ थांबला. टाकी भरली नव्हती. शेडग्यांनी काठी घालून तपासलं आणि लिहून घेतलं.

मग त्यांनी कळशा मोजल्या. सातवी मोहिनीची, पोचे पडलेली. तिच्यामागे आठवी, नवीकोरी स्टीलची, गळ्याशी लाल ऑइलपेंटने आकडा घातलेला: २०. तिच्यामागे त्याच आकड्याचा एक हंडा.

केतकीने पर्समध्ये हात घातला. कपाटाची किल्ली तिथेच होती.

“ही कुणाची?” तिने रांगेतल्या हौसाबाईंना विचारलं.

“यंत्र्याची.”

“लावतं कोण?”

“आमी येतू तवा लागल्याली आसती.”

“आणि तो पाण्याचं करतो काय?”

“आता काय बाई! पानी कोन कशाला नेतंय, ह्ये इचारायचं आसतंय व्हय? तुमी पिता का न्हाता, आमी इचारलं कवा? लई गुनाचं हाय बघा. नंबर सोडत न्हाय, मदी घुसत न्हाय, भांडत तर मुळीच न्हाय. न्हायतर ही मागची,” त्यांनी नवव्या कळशीकडे हनुवटी केली, “रोज माझ्या पिंपाला लाथ मारती.”

“तुज्या पिंपाला पायबी लावत न्हाय मी, हौसे!” मागून आवाज आला.

सातवी भरली. आठवी भरली, तिच्यामागचा हंडाही. नवव्या कळशीत तोटीने दोन थेंब टाकले आणि हवा सोडली.

शेडग्यांनी शेरा लिहिला: उत्तर जागेवर पडताळले, बरोबर आढळले, कॉपीचा प्रश्न उद्भवत नाही, दोघांना चार-चार गुण द्यावेत.

“म्हंजी पास का सर?” मोहिनीने विचारलं. डोक्यावर भरली कळशी होती.

“पास.”

“मग जरा सरका. सांडंल.”

ती पाणंदीने गेली. केतकीला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. शेडगे टाकीच्या पायरीवर बसले होते आणि फाईल उघडीच होती.

“आठवीत अजून किती विद्यार्थी?”

“चार.”

“त्यांनी उत्तर काय लिहिलंय?”

“बारा तास.”

“चौघांनीही? एकसारखं?”

“हो.”

“जे चूक आहे.” शेडग्यांनी पेनाचं टोपण काढलं. “त्यांनी ते कुणाचं बघून लिहिलं?”

“मी फळ्यावर सोडवून दिलं होतं.”

“तुम्ही ही टाकी भरलेली कधी पाहिलीत, मॅडम?”

केतकीने टाकीकडे पाहिलं. दोन वर्षं ती गावात होती. तिच्या खोलीवर तालुक्याहून पाण्याचा जार येत असे.

“नाही.”

“मग तुम्ही कुणाचं बघून लिहिलंत?”

“पुस्तकाचं.”

“म्हणजे पाच जण झाले,” शेडगे म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं. मुलांना फेरपरीक्षा लावली. केतकीला तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. तिला हरकत घ्यावीशी वाटली, पण हाताने चाचपून बघायचा नियम तिचाच होता; ती तो कुणालाही अडवून सांगत असे.

संध्याकाळी तिने जारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि बाजारातून तांब्याची कळशी आणली. यंत्र्याला कपाटात ठेवून कुलूप दोनदा ओढून पाहिलं. सकाळी साडेपाचला ती टाकीवर गेली, तेव्हा आठवी कळशी लागलेली होती. हौसाबाईंशी भांडणारी माहेरी गेली होती. केतकीने तिच्या जागी आपली कळशी ठेवली आणि पुढे तोंड करून उभी राहिली.

लाईट जाऊन तोटीने हवा सोडली तेव्हा तिच्या कळशीत तळ झाकण्याइतकं पाणी होतं.

तिथेच पायरीवर बसून तिने खुलासा लिहिला: ‘नववी कळशी भरत नाही. हे मी स्वतः पाहिले आहे.’ खुलाशाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागत होत्या. हौसाबाईंनी अंगठा उठवला. दुसऱ्या सहीसाठी तिने कागद फिरवला, तर तिथे सही झालेली होती: यंत्र पुरवठादार कुरणवाडीकर, हजेरी क्रमांक वीस.

केतकीने तारीख तपासली. ती आजचीच होती. तिने कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवली आणि कळशी उचलून शाळेकडे निघाली, कारण कपाट उघडायची वेळ झाली होती.